राजन वाळिंबे यांचा कोरिदो

या, असे जवळ सरकून बसा. एसीच्या घरघरीत लांबून नीट ऐकू यायचं नाही. एक गोष्ट सांगतो, घडलेली. जशी घडली तशीच सांगणार, पदरचं काही घालणार नाही. ही सवय मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी लागली. ती कशी लागली तेही या गोष्टीतच आहे.

मी चारुदत्त. दिवसा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मात्र दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला लागतो, सतरंजी पसरते आणि मी कमरेला उपरणं बांधून कीर्तनाला उभा राहतो. रीतसर शिक्षण नाही. लहानपणी देवळात अगदी पुढे बसून जे कानांवर पडलं तेवढंच भांडवल. पेटीवर माझी बायको अर्चना आणि टाळ धरायला राजन वाळिंबे. अकरा वर्षं त्याचा टाळ अर्धी मात्रा मागे पडत होता. मी डोळे वटारले की तो आणखी गोड हसायचा आणि आणखी मागे पडायचा.

राजन आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. बायको शोभना, मुलगी ईशानी. ईशानी इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

दोन हजार चोवीस सालचा ऑगस्ट, चोवीस तारीख, शनिवार. ईशानीच्या खोलीतला पडद्याचा रॉड निखळला होता, म्हणून राजन दुपारी इंटरनॅशनल सिटीला, ड्रॅगन मार्ट नावाच्या बाजारात गेला. तिथून त्याने घरी तीन फोन केले. पहिला, रॉड सोनेरी घेऊ की लाकडी रंगाचा. दुसरा, खिडकी दोन मीटरची की जास्त. तिसरा, टोकाची बोंडं गोल हवीत की चौकोनी. शोभनावहिनींचे हात कणकेत होते. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "अहो, वर गेलात की तिथूनही फोन करा मला, कोणत्या दाराने आत शिरू म्हणून." आणि फोन ठेवला.

चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन वाजला, तो पोलिसांचा होता. राजन दुकानातच गेला होता. हार्ट अटॅक.

कीर्तनात मर्माची गोष्ट शेवटाला राखून ठेवतात. मी ती आधीच सांगून टाकली, कारण फोनवरचं ते वाक्य वहिनींनी जवळजवळ वर्षभर कोणालाही सांगितलं नव्हतं, ईशानीलासुद्धा. आणि ते त्यांना सांगताच येऊ नये, अशी सोय मीच करून ठेवली होती.

ते असं झालं. तेराव्याला मी कीर्तन केलं. समोर साठेक माणसं, सगळ्यांचे डोळे भरलेले. आख्यानाच्या शेवटी भक्ताचा अंतकाळ यावा आणि त्याच्या ओठांवर देवाचं नाव असावं, ही माझ्या जिभेला पडलेली वाट. त्या वाटेने मी सरळ चालत गेलो. म्हणालो, आमचा राजन परक्या बाजारात, अनोळखी माणसांमध्ये खाली बसला, हात जोडले आणि नाम घेत घेत गेला. लोक रडले, मीही रडलो. खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. बायका एकेक करून वहिनींना पोटाशी धरत म्हणाल्या, भाग्यवान हो, नाम घेत गेले. वहिनी प्रत्येकीपुढे मान डोलवत राहिल्या.

पुढे दर महिन्याला त्या कीर्तनाला यायच्या, स्वयंपाकघराच्या दारापाशी बसायच्या, आटोपलं की वाट्या विसळून जायच्या. रडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. आणि त्या फोन उचलत नाहीत हे मला ईशानीकडून कळलं. "अंकल, शी जस्ट वोन्ट पिक अप. मी ऑफिसमधून कॉल करते, ती टेक्स्ट करते, ओके. एव्हरी टाइम, ओके." मी तिला म्हटलं, होईल हळूहळू, देव बघतोय. देव बघत होताच. मी बघत नव्हतो.

आता दुसरा माणूस. एलिसेओ आमच्या तळमजल्यावर राहतो. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातला, साठीला टेकलेला. मरीनातल्या एका हॉटेलात चांदीच्या बटणांचा काळा सूट आणि भलीमोठी टोपी घालून जेवणाऱ्यांच्या टेबलांपाशी गाणी म्हणतो. त्याचं गिटारोन नावाचं वाद्य म्हणजे पोट सुटलेली गिटार. लिफ्टमध्ये ते शिरलं की दुसऱ्याला जागा नाही. राजन त्या वाद्याकडे बोट दाखवून त्याला दर वेळी विचारायचा, "हबीबी, वहिनींना कितवा महिना?" आमच्या क्लस्टरचं, म्हणजे इमारतींच्या समूहाचं, नाव बिल्डरने नकाशात मेसोअमेरिकन असं ठेवलंय. राजनचं म्हणणं, पत्त्याला जागणारा माणूस इथे हा एकटाच.

गेल्या जुलैत एलिसेओ आमच्या कीर्तनाला आला. दर महिन्याला टाळ ऐकू येतात, आत काय चालतं ते बघू का, एवढंच त्याने दारात उभं राहून विचारलं. अडीच तास भिंतीला टेकून बसला. ईशानी त्याच्या कानाशी थोडं थोडं इंग्रजीत सांगत होती. नंतर शिरा खाताना म्हणाला, आमच्याकडेही हे आहे. उभं राहून एका माणसाची गोष्ट गायची. त्याला कोरिदो म्हणतात. माझे वडील गावात तेच करायचे.

मला केवढा आनंद झाला. मी त्याला आमचं पूर्वरंग-उत्तररंग समजावलं, आणि उदाहरण म्हणून राजनच्या तेराव्याचं कीर्तन सांगितलं, शेवट जरा रंगवूनच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो नाव घेत होता, हे ऐकलं कोणी?"

मी म्हणालो, तसं नाही, आमच्यात तशी पद्धत असते.

तो म्हणाला, त्याच्या वडिलांची पद्धत वेगळी होती. कोणी गेलं की ते गिटार हातात घेण्याआधी तीन दिवस गावात हिंडायचे. शेवटचा कोणाशी बोलला, काय बोलला, अंगात शर्ट कोणता होता, कोणाशी भांडण होतं. गाण्यात पहिलं साल आणि तारीख, मग गाव, मग पूर्ण नाव, मग घडलं ते, आणि शेवटी निरोप. तिथे हजर असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय ओळ जुळवायची नाही. आणि मेलेल्याला घासूनपुसून चकचकीत करायचं नाही. "तसं केलं की घरच्यांना वाटतं, गाण्यात मेला तो दुसराच कोणी. मग ते आपल्या माणसासाठी रडणार कुठे?"

शोभनावहिनी वाट्या गोळा करत होत्या. त्या हातातली वाटी तशीच धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ नुसता नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी संध्याकाळी त्या आमच्या दारात. म्हणाल्या, "चारुभाऊजी, त्या खालच्या गृहस्थांकडे माझ्याबरोबर चला. यांच्यावर तसं गाणं करून घ्यायचंय."

एलिसेओच्या खोलीत एकच टेबल. त्याने वही काढली आणि एखादा अर्ज भरून घ्यावा तसं विचारायला लागला. पूर्ण नाव? राजन गोविंद वाळिंबे. जन्म? सातारा. दुबईला कधी आले, काय काम करत, कपाळ मोठं होतं की लहान. मग विचारलं, वाईट सवयी कोणत्या? वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, सांगा. पहिल्यांदा म्हणाल्या, घोरायचे. मग जरा थांबून, गाडी कुठे लावली ते विसरायचे, मॉलच्या पार्किंगमध्ये तासतास फिरवायचे मला. मग थांबेचनात. ओला टॉवेल पलंगावर. चिवड्यातले दाणे वेचून खायचे आणि नुसते पोहे ठेवायचे. माझ्या माहेरच्यांची नक्कल करायचे, ती हुबेहूब असायची म्हणून जास्त राग यायचा. बोलताना त्यांचा चेहरा सैल पडत गेला. वर्षभरात राजनबद्दल त्यांच्या तोंडून मी एवढं ऐकलं नव्हतं.

मग एलिसेओने विचारलं, शेवटचं बोलणं कोणाशी झालं?

तो थांबून राहिला. पेन खाली ठेवलं नाही की दुसरं काही विचारलंही नाही.

शेवटी त्या मला मराठीत म्हणाल्या, "भाऊजी, हे त्यांना इंग्रजीत तुम्ही सांगा. मला नाही जमणार." आणि ते फोनवरचं वाक्य सांगितलं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकलं त्याच क्षणी मला ते माझ्या तोंडाने दुसऱ्या माणसाला सांगायचं होतं. दोन वेळा सुरुवात केली, तिसऱ्या वेळी सांगून झालं.

त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमच्या त्या कीर्तनानंतर मला बोलायला जागाच उरली नाही हो. सगळे म्हणायला लागले, नाम घेत गेले. खरं सांगितलं असतं तर माझं काय व्हायचं ते होवो, पण यांचं ते चांगलं मरणही मीच काढून घेतलं असतं."

मला क्षमा मागायची होती. पण ती मी तिथे मागितली नाही.

एलिसेओने सांत्वन वगैरे काही केलं नाही. सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, "त्यानंतर चाळीस मिनिटं होती. तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?"

हे आम्ही कोणीच कधी विचारलं नव्हतं. डेथ सर्टिफिकेट, कॉन्सुलेट, कंपनीचा एचआर, जबल अलीची स्मशानभूमी, एवढ्या कागदांवर एवढ्या सह्या केल्या. राजन ज्या दुकानात पडला तिथे जाऊन मात्र कोणी आलं नव्हतं. पोलिसांनी दिलेल्या पाकिटात दुकानाची पावती होती. रॉडचं लांबलचक पुडकंही घरी होतं, वर्षभर ईशानीच्या दारामागे, न सोडलेलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी वहिनी, मागे एलिसेओ. पाऊण तासाच्या रस्त्यात वहिनी एकदाच बोलल्या, "नसेलच तो माणूस आता तिथे. इथे कोण टिकतं."

तो होता. बदरुद्दीन, बिहारमधल्या सिवानचा, चाळिशीचा, कानामागे पेन्सिल. पडद्यांचे रॉड, आकडे, पट्ट्या यांचं बोळकांडीएवढं दुकान. मी पावती दाखवली आणि तारीख सांगितली. त्याने पावती वाचलीच नाही, वहिनींकडे बघत राहिला, मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून बाहेर काढलं. म्हणाला, मैडम, मी रोज वाट बघत होतो, घरून कोणी तरी येईल म्हणून. मला नंबर माहीत नव्हता.

एलिसेओचे प्रश्न मी हिंदीत विचारत गेलो. साहेब फोनवर बोलत होते का? हो, तीन वेळा. शेवटचा फोन ठेवल्यावर?

"बहुत हँसे," बदरुद्दीन म्हणाला. मग थांबला. भला माणूस, उगाच बरं वाटावं म्हणून बोलणारा नव्हता. "हँसे या खाँसे, कसम खाकर नहीं बोल सकता. मुझे तो हँसी लगी."

एवढ्या लांब आलो ते हे ऐकायला का? पण वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः विचारलं, "उसके बाद क्या किया उन्होंने?"

"चश्मा उतारा. कमीज़ के कोने से आँखें पोंछीं. फिर बोले, भाई, गोल भी दे दो, चौकोर भी दे दो, अब फोन किया तो घर में घुसने नहीं देगी."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. राजन मनापासून हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने डोळे पुसल्याशिवाय त्याचं हसणं पूर्ण व्हायचं नाही. हे आमच्या सतरंजीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. बदरुद्दीनला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

पुढचं त्याने थोडक्यात सांगितलं. तो रॉड बांधत असताना साहेब स्टुलावर बसले, पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि एका बाजूला कलले. त्याने डोकं मांडीवर घेतलं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण ते त्याआधीच गेले होते.

मला राहवलं नाही. विचारलं, भगवानाचं नाव वगैरे काही घेतलं का त्यांनी?

"नहीं साहब. पानी माँगा. बस."

वहिनी त्या स्टुलावर बसल्या. आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, दुकानाबाहेरून लोक बघत जात होते तरी. बदरुद्दीन पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभा राहिला. एलिसेओने वही मिटून खिशात घातली.

परत येताना त्या म्हणाल्या, "हसले असतील हो. पण मी ते बोललेच ना, भाऊजी." एखादं निरूपण माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, ते मी गिळलं. मागून एलिसेओने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तो म्हणाला, "बोलल्या. ते गाण्यात येईल. तो हसला, तेही येईल. एकाला काढलं तर दुसरं खोटं पडतं."

घरी पोचल्यावर त्यांनी पुडकं सोडलं. दोन रॉड, एक गोल बोंडांचा, एक चौकोनी. ईशानीला सगळं तेव्हाच सांगितलं. ती आईकडे बघत राहिली, मग एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडायला लागली. "मम्मा, दॅट इज सो यू. अँड दॅट इज सो बाबा." पण गाण्यात ते वाक्य नको, असं तिचं म्हणणं पडलं. लोक काय म्हणतील, दे विल जज यू. माझ्या अर्चनालाही तसंच वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "जज करू देत. वर्षभर मी एकटी करत होते, आता चार जणांना वाटून देते."

राजनची तिथी, श्रावण वद्य षष्ठी, त्या वर्षी चौदा ऑगस्टला आली. तिथीप्रमाणे वर्षश्राद्ध झालं, गुरुजींनी यथासांग केलं. कोरिदोला मात्र तारीख लागते. म्हणून चोवीस तारखेला, रविवारी, आमच्या हॉलमध्ये पुन्हा सतरंजी पसरली. एलिसेओ टोपी आणि चांदीची बटणं घरी ठेवून साध्या पांढऱ्या शर्टात आला. बदरुद्दीनला आम्ही न्यायला गेलो होतो. तो दारापाशी बसत होता, वहिनींनी त्याला पुढे बसवलं.

आधी मी उभा राहिलो. उपरणं बांधलं नव्हतं. म्हणालो, तेराव्याला मी सांगितलं की राजन नाम घेत गेला. ते मी ऐकलं नव्हतं आणि कोणीच ऐकलं नव्हतं. ते माझ्या पदरचं होतं. आज साक्षीदार समोर बसलाय, आज खरं ऐका. एवढं बोलून मी खाली बसलो.

मग एलिसेओ स्पॅनिशमध्ये गायला लागला. आवाज फाटका, चाल सरळ, एखादा माणूस घोड्यावरून सावकाश चाललाय अशी. एक कडवं झालं की तो थांबायचा आणि मी ते मराठीत ओवी करून म्हणायचो. पद आणि निरूपण, आमचंच तर होतं ते. त्यातल्या तीन ओव्या माझ्या लक्षात आहेत:

दोन हजार चोवीस साल । ऑगस्टाचा तापला काळ ।
शनिवारची टळली सकाळ । चोवीस तारीख ॥

पत्नी म्हणे, तिथे वर । कोणते ते असेल दार ।
तेही विचारा फोनवर । आणि फोन ठेविला ॥

चष्मा काढून पुसले डोळे । दोन्ही रॉड बांधा म्हणाले ।
इतुके एकानेच पाहिले । बदरुद्दीन नाव त्याचे ॥

दुसऱ्या ओवीला मी वहिनींकडे बघितलं नाही. मग मागून कोणी तरी खुदकन हसलं, आणि पाठोपाठ सगळे हसले; राजनच्या एखाद्या विनोदाला हसायचे तसेच. हसता हसता कितीतरी जण रडत होते. अकरा वर्षांची ओळख असलेला राजन, पार्किंगमध्ये गाडी शोधणारा, दाणे वेचणारा, त्या दिवशी आमच्यातून गेला. त्याआधी आम्ही दुसऱ्याच कोणाला पोचवून आलो होतो.

कोरिदोचं शेवटचं कडवं निरोपाचं. ते घरच्यांनी म्हणायचं, ही एलिसेओच्या वडिलांची रीत. वहिनींना गाता येत नाही. एलिसेओ तारा हळू छेडत राहिला आणि त्या उभ्या राहून नुसत्या बोलल्या.

दुःख संपलं, असं मी म्हणणार नाही. पदरचं घालायचं नाही असं ठरलंय. वहिनी अजून कधी कधी संध्याकाळी दिवा न लावता बसलेल्या असतात. पण फोन उचलतात. ईशानीने ऑफिसमधून केला तर पहिल्या रिंगला, आणि कशाला केलास म्हणून रागावतातही. दोन्ही रॉड लावले आहेत. एक ईशानीच्या खोलीत, दुसरा हॉलमध्ये. तो वीतभर आखूड पडतो, पडदा एका बाजूला गोळा होतो आणि दुपारी तिथून ऊन आत येतं. बदलून आणू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाल्या.

त्या दिवशी वहिनी जे बोलल्या, तेच आता मी तुमच्याकडे मागतो. "माझे यजमान, राजन गोविंद वाळिंबे, साताऱ्याचे. संत नव्हते. टाळ अर्धी मात्रा मागे वाजवायचे. पाणी मागून गेले, आणि त्याआधी हसले. त्यांना असंच लक्षात ठेवा."

ठेवाल ना?